गोजरामावशीची तागडी

फार फार वर्षांपूर्वी, उंबरगव्हाणात घड्याळ नव्हतं आणि त्यामुळे कुणाला उशीरही होत नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. खरी का खोटी ते मला विचारू नका. मळाईच्या देवळापुढची चिंच अजून उभी आहे, तिच्या आडव्या फांदीवर दोर घासून पडलेली खाच अजून आहे. शंका असेल त्यानं वर चढून बोट घालून बघावं, पण मुंग्या चावल्या तर माझ्याकडे रडत येऊ नये.

मुंग्यांचं सांगते, कारण उंबरगव्हाण म्हणजे गुळाचं गाव. नदीकाठी ऊस, उसाकाठी गुऱ्हाळं आणि गुऱ्हाळाकाठी मुंग्या. तिथल्या मुंग्या इतक्या गुबगुबीत की पायाखाली आल्या तर माणूस घसरून पडायचा, असं म्हणतात. आता अशा गावातला देवीचा रिवाज गुळाचाच असणार. घरच्या सुनेला सातवा महिना लागला की पुनवेला तिला मळाईपुढच्या मोठ्या तागडीत बसवायचं, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढवायच्या, आणि दांडी सरळ झाली की तेवढा गूळ प्रसाद म्हणून गावाला वाटायचा. याला म्हणायचे भार घालणं. गूळ सगळ्या गुऱ्हाळांनी मिळून द्यायचा आणि सगळ्या गावानं मिळून खायचा. म्हणजे सून जेवढी भारी तेवढा प्रसाद जास्त. आता सांगा बरं, हलकी सून कुणाला आवडेल?

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण गावाला चढाओढीशिवाय अन्न गोड लागत नाही. कधीतरी कुणीतरी ठरवून टाकलं की ज्या घरची सून सगळ्यात भारी भरेल, त्या घराला चैत्रातल्या जत्रेत देवीच्या पालखीचा पहिला खांदा. झालं! त्या दिवसापासून उंबरगव्हाणच्या सासवांना झोप नाही.

ही तागडी होती गोजरामावशीच्या ताब्यात. तिचा नवरा देवळाचा मापाडी, म्हणजे वजन करणारा. तो गेला आणि तागडी हिच्याकडे आली. तिची आई गावची सुईण. ती गेली आणि बाळंतपणंही हिच्याकडेच आली. गोजरा अंगानं उभी-आडवी, हनुवटीवर गोंदण, कमरेला खोचलेला पदर, आणि आवाज असा की तिनं इकडे शेळीला हाक मारली की नदीपलीकडच्या गावातल्या शेळ्या दावं तोडून निघायच्या. ओल्या वाटेवरचा पावलाचा ठसा बघून ती सांगायची, बाई केवढी आहे, कितवा महिना आहे, आणि सासूशी भांडून निघाली आहे का माहेराला हसत चालली आहे. असं म्हणतात. मला तेवढं सासूचं पटतं.

भार झाला की गोजरा चिंचेखाली उभी राहून वजन सगळ्या गावाला ओरडून सांगायची. पारडं जड असलं की, "भारी गं भारी!" आणि हलकं असलं की, "उडाली गं उडाली!" मग पोरं त्या हलक्या सुनेच्या मागे घरापर्यंत ओरडत जायची, आणि सासू दार लावून घ्यायची. गोजराच्या मनात वाईट काही नसायचं. देवानं गळा दिलाय तर वापरायचा, एवढंच तिला ठाऊक.

पण एक गंमत बघा. सातव्या महिन्यात बाईला जोखणारी गोजरा, आणि नवव्यात त्याच बाईच्या उशाशी बसणारीही गोजराच. जड पारड्याच्या सुना अडायच्या, धापा टाकायच्या, मूल यायचं ते भोपळ्याएवढं आणि आईला पार पिळून काढून. उडालेल्या सुनांची मुलं मांजराच्या पिलाएवढी, पटकुरात ठेवली तर सापडू नयेत अशी. काही टिकायची, काही नाही. प्रत्येक वेळी गोजरा घरी येऊन चुलीपुढं बसून रडायची, नाक पुसायची, आणि पुढच्या पुनवेला पुन्हा चिंचेखाली जाऊन ओरडायची. तागडीजवळची गोजरा आणि बाळंतिणीजवळची गोजरा, या दोघींची कधी गाठच पडली नव्हती.

ती गाठ पडली एका पौषी पुनवेला.

त्या साली गावात दोघींना सातवा लागला होता. एक पाटलांची सून सगुणा. तिची सासू चंद्राबाई पाटलीण. या पाटलीणबाईंनी गेली दोन वर्षं पालखीचा पहिला खांदा दुसऱ्याला गेलेला बघितला होता, आणि ते दुःख त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. सगुणेला दिवस गेले आणि पाटलीणबाईंनी पदर खोचला. सकाळी शिरा, दुपारी पुरण, संध्याकाळी डिंकाचे लाडू, आणि मधल्या वेळी तोंड कोरडं पडायला नको म्हणून तुपातली खीर. पोरीला पाटावरून उठू देईनात.

"आत्याबाई, आता न्हाई हो जात," सगुणा म्हणायची.

"न जायला काय झालं? दोन जिवांची हाईस, दोन माणसांचं खा. तुझं पोट म्हंजे काय तुझ्या एकटीचं हाय? खांद्याचा प्रश्न हाय ह्यो!"

दुसरी होती हौसा, कुंभाराची सून. हिची सासू ठकूबाई. ठकूबाई काही दुष्ट नव्हती हं, तिला तसं समजू नका. तिची थोरली लेक पहिल्याच बाळंतपणात अडून गेली होती. मूल मोठं होतं म्हणून अडली, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य ठकूबाईच्या काळजात जाऊन बसलं. म्हणून तिनं हौसाच्या ताटावर पहारा ठेवला. "अर्धीच भाकरी खा गं माझे आई. पोर लहान ऱ्हाईल, पटकन सुटशील." हौसा अर्धी भाकरी खायची आणि उरलेल्या अर्धीकडे बघत पाणी प्यायची.

आता ठकूबाईपुढं पेच पडला. पोट तर हलकं हवं, पण पारडं हलकं झालं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. मग काय करावं? दुसऱ्या कुणाला दगड सुचले असते. पण ही पडली कुंभारीण! हिच्या घरात दगड कुठला, सगळी मातीच. तिनं चाकावरचा चांगला मळलेला, ओला, गुळगुळीत गोळा उचलला, हौसाच्या ओटीत बांधला, वरून पदर सारखा केला, आणि म्हणाली, "चल. श्वास जपून घे."

पौषी पुनवेला सगळं गाव चिंचेखाली जमलं. आधी बसली सगुणा. चिंचेची फांदी करकरली. ढेपांवर ढेपा चढल्या, तरी दांडी हलेना. गुऱ्हाळाची माणसं धावत जाऊन आणखी ढेपा घेऊन आली. लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. एकदाची दांडी सरळ झाली आणि गोजरानं छाती भरून आरोळी ठोकली, "भारी गं भारी!" पाटलीणबाईंच्या घशातला काटा त्या क्षणी विरघळला म्हणे.

उतरताना सगुणेनं गोजराचा हात धरला. "मावशी, पाय फुगलेत. दोन पावलं चालले तरी धाप लागती. ही जोडवी बघा, रुतून बसलीत, निघत न्हाईत."

"व्हय व्हय, व्हतंय तसं," गोजरा म्हणाली. तिचं लक्ष पुढच्या आरोळीकडे होतं.

मग हौसा बसली. ठकूबाई मळाईकडे डोळे लावून पुटपुटत होती. ढेपा चढल्या, हौसाचं पारडं वर आलं, दांडी सरळ होते न होते, गाव "अरे वा!" म्हणते न म्हणते, तेवढ्यात ओल्या मातीनं ओटीची गाठ भिजून सुटली. आणि पारड्याच्या दोरांमधून गोळा खाली आला. धप्प!

एक क्षण कुणालाच काही समजेना. मग एक बाई किंचाळली, "आगं बया! मोकळी झाली!" दुसरीनं "पाणी तापवा, पाणी तापवा," म्हणून घराकडे धूम ठोकली. पुजाऱ्यानं गडबडीत घंटा बडवली. शिदूआबा म्हणून एक बहिरे म्हातारे पुढंच बसले होते, ते दोन्ही हात कानाला लावून विचारायला लागले, "काय झालं? पोरगा का पोरगी?"

गोजरानं वाकून बघितलं.

"गाडगं!" ती म्हणाली.

मग काय हसलं म्हणता गाव! चिंचेवरची माकडंसुद्धा पोट धरून हसली, असं म्हणतात. आणि माती निघून गेल्याबरोबर हौसाचं पारडं सुर्रकन वर गेलं, ते थेट फांदीला जाऊन टेकलं. पोरगी वर लोंबकळतेय, दोन्ही हातांनी दोर धरलेत, आणि खाली अख्खं गाव दात काढतंय.

गोजरानं तोंड उघडलं. "उडाली" म्हणायला तिची जीभ टाळ्याला लागलीच होती. तेवढ्यात वरून हौसा म्हणाली, अगदी हळू, "मावशी, वरडू नका वो. तेवढं वरडू नका."

गोजराचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं दोन्ही हात वर करून पारडं खाली ओढलं आणि पोरीला कवेत घेऊन उतरवलं. तेव्हा हौसाच्या मनगटातला चुडा सरकत सरकत कोपरापर्यंत गेला. इतका बारीक हात! असे हात गोजराच्या ओळखीचे होते. अशाच हातांत तिनं ती मांजराच्या पिलाएवढी मुलं दिली होती, आणि त्यांतली काही चारच दिवसांत परत घेतली होती. तिथं, त्या चिंचेखाली, तागडीजवळच्या गोजराला बाळंतिणीजवळची गोजरा भेटली. सगुणेची रुतलेली जोडवीही तिला तेव्हाच आठवली. या दोन पोरींच्या बाबतीत आपण आत्ता काही केलं नाही तर चैत्रात काय होणार, ते तिला लख्ख दिसलं, आणि स्वतःचाच असा राग आला की तिनं स्वतःच्या तोंडात फाडकन मारून घेतली.

मग ती वाकली आणि हौसाचं वजन हौसाच्या कानात सांगितलं. फक्त कानात.

गाव बिथरलं. "काय म्हणाली? किती भरली? वरडून सांग की!"

"सांगते," गोजरा म्हणाली, आणि मग मात्र तिनं तो आपला गळा लावला. "ऐका रे मुडद्यांनो! आजपासनं कुठल्या बाईचं वजन म्या वरडणार न्हाई. पहिला खांदा कुणाच्या सुनेच्या मांसावर ठरणार न्हाई. ह्या दोघी बाळंत झाल्या की दोघींची पोरं म्या ह्याच तागडीत घालीन, एक ह्या पारड्यात, एक त्या. पाटलाचं पोर आन् कुंभाराचं पोर सारखं भरलं, दांडी सरळ ऱ्हायली, तरच यंदा पालखी उठंल!"

पाटील पुढं आले. पागोटं सावरून म्हणाले, "आन् दांडी कलली तर?"

"तर तागडी नदीत फेकीन, आन् त्याच वाटंनं गाव सोडून जाईन. मग तुमची बाळंतपणं तुम्हीच करा."

आता ही मोठीच पंचाईत. तागडी गेली तर प्रसाद गेला, पालखी उठली नाही तर देवी कोपली, आणि गोजरा गेली तर बायकांना कोण? पुजाऱ्यानं मळाईकडे कौल लावला. फूल उजवीकडून पडलं, म्हणजे देवीचा होकार. काही म्हणतात, आरोळीनं हादरून पडलं. पडलं हे खरं.

दुसऱ्या दिवसापासून गोजरानं फर्मान काढलं. पाटलांच्या चुलीवरचं ताट हौसाला, कुंभारांच्या चुलीवरचं ताट सगुणेला. आणि ताट पोचवायचं कुणी? सगुणेनं, स्वतःच्या पायांनी. पाटलांचं घर गावाच्या वरच्या टोकाला, कुंभारवाडा खाली नदीकाठी. रोज सावकाश जायचं, वाटेत बसायचं, सावकाश परत यायचं.

"माझी सून ताट घेऊन कुंभारवाड्यात?" पाटलीणबाई कडाडल्या.

"तुमच्या सुनेला पाय दिलेत ना देवानं? मग का नुसते जोडवी घालायला?" गोजरा म्हणाली.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. पाटलीणबाई ताट पाठवायच्या ते आपल्या इभ्रतीला शोभेल असं. तुपात पोहणारं. हौसानं बिचारीनं ते सगळं एका बैठकीत खाल्लं आणि सगळं बाहेर काढलं. तिकडून ठकूबाई पाठवायची अर्धी भाकरी आणि मिठाचा खडा. सगुणा ती भाकरी खाऊन रडायला बसली. मग गोजरानं गावाच्या मधोमध, पिंपळाच्या पारावर बस्तान ठोकलं. येणारं-जाणारं प्रत्येक ताट तिच्यापुढं उघडून दाखवायचं. पाटलांच्या ताटातले लाडू ती मोजके ठेवायची आणि उरलेले स्वतः खायची. कुंभारांच्या ताटात ती भाकरी वाढवायची, वर पालेभाजी, घट्ट आमटी, मूठभर शेंगदाणे घालायची. त्या दोन-अडीच महिन्यांत उंबरगव्हाणात सगळ्यात जास्त वजन कुणाचं वाढलं असेल तर गोजराचं, असं म्हणतात.

मग पाटलीणबाईंना दुसरं वेड लागलं. हलकं व्हायचंच आहे तर उपासच घडवावा, म्हणून त्यांनी सगुणेला नुसत्या ताकावर ठेवलं. गोजराला हे कळलं सगुणेच्या पावलाच्या ठशावरून. ती तडक पाटलांच्या सोप्यात जाऊन उभी राहिली.

"पाटलीणबाई, म्या उपाशी ठेवा म्हनलं व्हतं का? जेवू द्या पोरीला पोटभर! भाकरी द्या, भाजी द्या, दूध द्या. एका भुकेल्या बाईचं द्या, दोन पैलवानांचं नको. तुमचं म्हंजे एक तर पूर न्हाई तर दुष्काळ!"

ठकूबाईची समजूत काढणं मात्र याहून कठीण होतं. ती चाकापुढं बसायची, हात मातीत, आणि डोळ्यांतून पाणी. "गोजरे, माझी लेक गेली गं आडून. हिला खायला घालून मीच मारू का?"

गोजरानं तो ओटीतून पडलेला मातीचा गोळा जपून ठेवला होता, ओल्या फडक्यात गुंडाळून. तो तिनं ठकूबाईच्या मांडीवर ठेवला. "ठके, तुझी लेक नाळेपायी गेली का पोराच्या आकारापायी, ते मला बी ठावं न्हाई आन् तुला बी न्हाई. म्हणणाऱ्याचं काय जातंय? पण एवढं मला ठावं हाय की कळा सोसायला अंगात बळ लागतं. आन् बळ काय मातीचं येतं का? ही माती तू पोरीच्या ओटीत बांधलीस ना? एवढं तिच्या अंगावर चढू दे. मग बघू."

ठकूबाईनं गोळा उचलला, पुन्हा मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. मग उठून तिनं सुनेसाठी दुसरी भाकरी थापली.

सगुणा रोज ताट घेऊन यायची आणि मग तिला परत जावंसंच वाटेना. हौसाशी तिचं जमलं. दोघी चाकाशेजारी बसून सासवांच्या नकला करायच्या. सगुणेची धाप कमी झाली, पायांची सूज उतरली, आणि एक दिवस नदीत पाय धुताना तिची जोडवी आपोआप निघून पाण्यात पडली. ती एका माशानं गिळली आणि तो मासा लाजून पाटलांच्या विहिरीत आला, अशीही एक गोष्ट आहे, पण ती सांगणारा मनुष्य ताडी प्यायचा. हौसाचा चुडा मात्र खरंच कोपरावरून हळूहळू मनगटाकडे यायला लागला होता. तिच्या गालांवर रंग चढला. पोट दिसायला लागलं.

आणि चैत्र लागला. एके सकाळी सगुणा ताट घेऊन कुंभारवाड्यात आली, उंबऱ्यावर टेकली आणि ओरडली. तिला कळा सुरू झाल्या होत्या. तिला बघून हौसा घाबरून उठली, आणि उठली ती पोट धरून खाली बसली. तिलाही!

आता पाटलांच्या सुनेला परत वर न्यायला वेळ कुठला? दोघींची बाळंतपणं ठकूबाईच्या घरातच. गोजरा धावत आली. पाटलीणबाई अनवाणी धावत आल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुंभारवाडा बघितला. दारात दोन रांजण पालथे घातलेले होते. एकावर पाटलीणबाई बसल्या, एकावर ठकूबाई.

"तुझ्या अर्ध्या भाकरीनं माझी सून अशक्त केली!"

"तुमच्या लाडवानं माझी सून फुगवली!"

आतून एक किंकाळी आली. आणखी एक आली. पाटलीणबाईंनी हात पुढं केला आणि ठकूबाईनं तो मातीच्या हातानं घट्ट धरला.

हौसा आधी सुटली. कळा आल्या तशी जोर करत गेली, आणि दुपारच्या आत मुलगी झाली. रडली ती अशी खणखणीत की गोजरानं दचकून वर बघितलं. "ही माझ्यावर गेली," ती म्हणाली.

सगुणेला मात्र वेळ लागला. ऊन कललं तरी सुटका होईना. गोजरानं तिला धरून चालवलं, आढ्याच्या दोराला धरून उभं केलं, उकिडवं बसवलं, पाठ चोळली. एरवी बाळंतिणीजवळ गोजराची बडबड अंगणापर्यंत ऐकू यायची. त्या दिवशी ती गप्प होती. बाहेरच्यांना तीच भीती वाटत होती. शेवटी सगुणा म्हणाली, "मावशी, न्हाई हो जमत." तेव्हा गोजरा तिच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. काय बोलली ते कुणालाच माहीत नाही. सगुणेनं आयुष्यभर सांगितलं नाही. पण ती हसली, कळ देताना हसली, आणि दिवे लागायच्या आत मुलगा झाला. चांगला गोल, पण भोपळा नव्हे.

बाराव्या दिवशी बारसं, आणि त्याच दिवशी जत्रा. चिंचेखाली उंबरगव्हाणच काय, नदीपलीकडची गावंही लोटली. गोजरानं तागडी धुतली, पारड्यांत मऊ दुपटी घातली. ती मनात मळाईला म्हणाली, "आई, तागडी गेली तरी चालंल. म्या गेले तरी चालंल. दोन्ही पोरं जगली, तेवढं पुष्कळ." पण लगेच तिला वाटलं की देवीला इतकं सांगायची काही गरज नव्हती, ती खरंच ऐकायची.

एका पारड्यात हौसाची मुलगी ठेवली. एका पारड्यात सगुणेचा मुलगा. दांडी हलली, डुलली, थांबली.

कलली होती. थोडीशीच, पण पाटलांच्या बाजूला कलली होती.

पाटलांना जिंकल्यासारखं वाटावं का हरल्यासारखं, ते कळेना. वाकून नीट बघावं म्हणून ते नातवाच्या पारड्यावर झुकले. गोजरानं तागडीचा दोर सोडायला हात घातला. हौसा रडायला लागली, सगुणा रडायला लागली. आणि त्या क्षणी पाटलांच्या नातवानं पाय झाडले, आणि अशी काही उभी धार सोडली, अशी काही, की ती पारड्याबाहेर कमान करून थेट आजोबांच्या नव्या पागोट्यावर!

दांडी हलली. डुलली. आणि सरळ झाली. चिंचेचं पान जसं पाण्यावर पडतं तशी सरळ.

"सारखी! सारखी!" गाव ओरडलं. शिदूआबांनी विचारलं, "काय झालं?" कुणीतरी त्यांच्या कानात ओरडलं, "पाटील भिजले!" त्यावर म्हातारा इतका हसला की त्याचा एक कान उघडला, असं म्हणतात. पालखी उठली. पहिला खांदा एका बाजूनं पाटलांनी दिला, ओल्या पागोट्यानिशी, आणि एका बाजूनं हौसाच्या नवऱ्यानं.

त्या मातीच्या गोळ्याचं ठकूबाईनं गाडगं केलं. आव्यात भाजलं आणि गोजराला नेऊन दिलं.

पुढं गोजरा पुष्कळ वर्षं जगली. कितीजणींची वजनं तिनं कानात सांगितली याला गणती नाही. खूप म्हातारी झाली तेव्हा एका जत्रेला म्हणाली, "पोरींनो, सगळ्या गावाला जोखलं, मला कुणी जोखलंच न्हाई. बसवा मला." सगुणा आणि हौसानं तिला उचलून पारड्यात बसवलं. ढेपा चढल्या. दांडी सरळ झाली. हौसा वाकून तिच्या कानात वजन सांगायला लागली.

"वरडून सांग की गं," गोजरा म्हणाली. "कान गेलेत माझं."

तेव्हा हौसानं, जिनं उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता, छाती भरून घेतली आणि आरोळी ठोकली, "भारी गं भारी!" नदीपलीकडच्या शेळ्यांनी दावी तोडली. गोजरा हसली. हसता हसताच तिनं डोळे मिटले, आणि ते पुन्हा उघडले नाहीत.

आता उंबरगव्हाणात आरोग्यकेंद्र आहे. तिथं वजनकाटा आहे, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालतात आणि पहिला गूळ त्याच्यापुढं ठेवतात. गावात कुणाला दिवस गेले की कुंभारवाड्यातून तिच्या घरी नवं गाडगं येतं. ते गाडगं आमटीनं, उसळीनं, जे असेल त्यानं भरून ती स्वतःच्या पायांनी दुसरीच्या घरी नेते, आणि दुसरीचं घेऊन येते. काट्यावर चढण्याआधी गावातली प्रत्येक बाई ओटी झाडून दाखवते. नव्यानं बदलून आलेल्या नर्सबाईंना ते कळत नाही, त्या म्हणतात, "हे काय करताय?" मग बायका हसतात आणि त्यांना सांगतात की वजन कागदावर लिहा, पण बोलायचं ते आमच्या कानात.

आणि चैत्रात जत्रेच्या दिवशी, पालखी उठायच्या आधी, चिंचेखालच्या तागडीत ते जुनं गाडगं ठेवतात. दुसऱ्या पारड्यात काहीच घालत नाहीत. पारडं धप्पकन खाली जातं, आणि सगळं गाव, लेकुरवाळ्या बायका आधी, एका दमात ओरडतं, "भारी गं भारी!"